इंग्रजी अक्षरांचा पडदा

२००६ च्या आसपास आम्ही कॉलेजात होतो. संध्याकाळी बिंदू चौकाजवळ कट्ट्यावर एकच मोबाइल पाचजणांच्या हातातून फिरायचा. स्क्रीन आगपेटीएवढा, त्यात जीपीआरएस. त्यावर चावट कथा वाचल्या जायच्या. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. 'वहिनी' हा शब्द घरात दिवसातून दहादा तोंडी यायचा. तिथं तो वाचला की मान खाली जायची.

रोमन लिपीच का? एक कारण तांत्रिक. तेव्हाच्या बऱ्याच स्वस्त फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची, देवनागरी ७०. केरळातही तसंच झालं; तिकडच्या 'कंबी कथा' मल्याळमच, पण रोमन अक्षरांत फिरल्या. दुसरं कारण लाजेचं. आमच्या अम्मीला मराठी वाचता यायचं, अब्बांना उर्दू. इंग्रजीकडे दोघंही बघत नसत. लिपीच आमचा पडदा झाली.

त्या कथा वाईट होत्या, एवढं म्हणून मी मोकळा होणार नाही. आम्हाला दुसरं काय दिलं होतं? र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून हे विषय उघडपणे, स्वच्छ मराठीत मांडले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू घेऊन कोर्टात उभे राहिले. त्यानंतर सत्तर वर्षांनीही आमच्या हाती ज्ञान नव्हतं, कथाच होत्या. त्यांतली बाई 'नाही' म्हणायची नाही, आणि म्हणालीच तर त्याचा अर्थ 'हो' असायचा. हाच धडा डोक्यात घेऊन आमच्यातले काहीजण बोहल्यावर चढले. त्याची किंमत कुणी मोजली, हे सांगायला नको.

आपल्या घरांची सबब तर आणखी तोकडी. मकतबात गुस्ल कधी फर्ज होतो, हैज म्हणजे काय, हे आम्हाला लहानपणीच शिकवलं गेलं. दीन शिकताना लाजू नये, असंही सांगितलं गेलं. शरीराच्या पाकीवर इतकं बोलणारे आपण, बायकोची मर्जी विचारावी एवढं मुलांना का सांगत नाही?

आज माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. आता फोनवर देवनागरी येते, पण वाचायची गरजच उरलेली नाही, सगळं दिसतंच. फोन काढून घेऊन भागणार नाही. परवा त्याच्याशी बोललो, मराठीत, त्याच्या आईसमोर. पहिली पाच मिनिटं तिघांनाही घाम फुटला. मग त्यानं एक प्रश्न विचारला. मग दुसरा.

तुम्हीही बोलून बघा.