वर्धा-पैनगंगेचे तहनामे आणि ग्रामसभेची संमती

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या ज्या मुलखाला आज आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, त्याचा धनी गेल्या पावणेतीनशे वर्षांत अनेकदा तहनाम्याने बदलला; परंतु त्या तहनाम्यांचे दप्तर चाळीत गेले असता, या भूमीवर पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या गोंड, कोलाम, परधान आणि आंध लोकांची संमती, एक अपवाद सोडला तर, कोणी मागितल्याचे आढळत नाही.

तो अपवादही दुःखद आहे. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील कळंब सरकारचा निर्देश असून त्याचे काही परगणे चांद्याच्या गोंड राजाच्या अधीन असल्याची नोंद आहे, म्हणजे मोगल दरबाराच्या लेखी देखील इथे एक स्वतंत्र राजसत्ता होती, आणि तिच्याशी व्यवहार करावा लागत होता. त्याच चांद्याच्या नीलकंठशहाकडून नागपूरकर रघूजी भोसल्यांनी 1749 साली दोन तृतीयांश वसुलाचा तह लिहून घेतला आणि 1751 साली उरलेले राज्यही खालसा करून त्याला कैदेत टाकले. तह जबरदस्तीचा होता हे खरेच. तरीही सही गोंड राजाची लागली, आणि ज्याची सही लागते त्याचे सार्वभौमत्व ती सही घेणाऱ्यानेच मान्य केलेले असते.

त्यानंतर मात्र ती सही कोणाला लागलीच नाही. 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीला दिले, कंपनीने ते हैदराबादच्या निजामाच्या पदरात टाकले. 1853 साली ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने तेच वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. आणि 1902 साली कर्झनसाहेबांनी वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले. या सर्व दस्तऐवजांत फौजेचा खर्च आहे, वसुलाचा हिशेब आहे, निजामाच्या नाममात्र मालकीचा मान राखणारी कलमे आहेत. केळापूरच्या रानातल्या कोलामाच्या पोडाचा, म्हणजे वस्तीचा, मात्र त्यांत मागमूस नाही. पोडाला आपला नाईक होता, आपली पंचायत होती, कोणत्या डोंगरापर्यंत आपली वहिवाट आहे याचे निश्चित भान होते. परंतु ते कागदावर नव्हते म्हणून नसल्यातच जमा झाले. पुढे 1865 च्या पडीत जमिनींच्या नियमांखाली जंगलपट्टीतल्या जमिनी इजाऱ्याने दिल्या गेल्या, आणि आजही या जिल्ह्यात कितीतरी गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द लागतो, तो त्या व्यवहाराची उघड साक्ष देत. जी जमीन सरकारदप्तरी पडीत होती ती कोणाच्या तरी फिरत्या शेतीची, मोहाच्या वेचणीची आणि देवस्थानाची जमीन होती, हे इजारा देणाऱ्याने विचारले नाही व घेणाऱ्याने सांगितले नाही.

अन्य देशांचा इतिहास याहून सौम्य आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. न्यूझीलंडात 1840 साली वाइतांगी येथे ब्रिटिश राजसत्तेने माओरी प्रमुखांशी करार केला व नंतर तो वारंवार पायदळी तुडवला. अमेरिकेच्या काँग्रेसने 1871 साली आदिवासी राष्ट्रांशी नवे तह करणेच बंद केले. परंतु मोडलेल्या तहाचेही एक सामर्थ्य असते, व ते आपल्याकडच्या अभ्यासकांनी नीट पाहिले पाहिजे. 1868 च्या फोर्ट लॅरमीच्या तहाच्या आधारे सू लोकांनी ब्लॅक हिल्स पर्वतासाठी दावा चालवला, 1980 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई योग्य ठरवली, आणि सू लोकांनी ती रक्कम आजवर उचललेली नाही, कारण त्यांना पैसा नको, पर्वत हवा आहे. तहाचा कागद हाती असल्याने त्यांना ‘आम्ही पक्षकार आहोत’ असे म्हणता येते. आमच्या कोलामाच्या हाती असा कागद नाही.

म्हणूनच अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा 1996 चा ‘पेसा’ कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांच्याकडे मी निव्वळ कल्याणकारी योजना म्हणून पाहू शकत नाही. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतील जी गावे 1985 च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आली, तिथल्या ग्रामसभेला आपल्या रूढी, आपली साधनसंपत्ती आणि आपला न्याय सांभाळण्याचा अधिकार विधीने मान्य केला आहे. पूर्वी जी संमती राजाच्या मोहोरेत असती ती आता ग्रामसभेच्या ठरावात आहे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, तेव्हा त्या ठरावांचे वजन एखाद्या तहाहून कमी नव्हते.

आपल्या जिल्ह्यात मात्र कसोटी कोळशाची आहे. झरी-जामणीकडच्या मार्की-मांगलीपासून वणीपर्यंत भूगर्भात कोळसा आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती आवश्यक केली; परंतु कोळशासाठी 1957 चा स्वतंत्र कायदा वापरला की ते बंधन लागू होत नाही, केवळ मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी लागू होतात. याचा अर्थ असा की, जिथे नकाराची खरी गरज पडते नेमक्या तिथेच नकाराचा अधिकार काढून घेतला आहे. सार्वभौमत्व म्हणजे फुटून निघणे, असा आक्षेप यावर सहज घेतला जातो. पण आपल्या डोंगराविषयी ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणू पाहणारा कोलाम देशाच्या घटनेतील पाचव्या अनुसूचीच्याच आधाराने बोलतो आहे, हे आक्षेप घेणारांनी ती अनुसूची उघडून पाहावे. 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने अनुकूल मत दिले, पण सर्वच भारतीय मूळनिवासी आहेत असे सांगून त्याचा आशय स्वतःपुरता पातळ केला. ही भूमिका आता सोडली पाहिजे.

माझी मागणी अशी आहे की, 1957 च्या कायद्याखालील संपादनांनाही पूर्वसंमतीचे कलम लागू करावे; यवतमाळच्या महाविद्यालयांत इतिहास व विधी शिकणाऱ्यांनी देवगावच्या तहाबरोबर आपल्या तालुक्यातील ग्रामसभांचे ठराव अभ्यासावेत; आणि ज्या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा दाखल केला आहे त्याची मूळ नोंद, परधानांनी जपलेल्या वंशकथा आणि जुन्या वहिवाटीच्या तोंडी साक्षींसह, जिल्हा दप्तरात लावून ठेवावी.