आधी शेकर थंड करा

परवा रात्री घरी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात एका विद्यार्थिनीने जेलचा फोटो पाठवला. पेलेटच्या लेनमध्ये काजळाचं बोट ओढल्यासारखा जाड पट्टा. सुपरनॅटंटच्या लेनमध्ये त्या जागी काहीच नाही. खाली प्रश्न : ‘‘सर, कोणता टॅग मागवू?’’

इंडक्शन किती अंशांवर केलंस? ३७. आयपीटीजी? १ मिलिमोलर. मग टॅग कशाला?

टी-७ प्रमोटर लावून आपण ई. कोलायला पळवतो. रायबोसोममधून साखळ्या इतक्या भराभर बाहेर पडतात की घडी बसण्याआधीच एकीचे पाणी टाळणारे भाग दुसरीला चिकटतात. तोच गोळा म्हणजे इन्क्लुजन बॉडी. १८ अंशांवर साखळ्या सावकाश बनतात, शिवाय ही चिकटण्याची ओढही थंडीत कमी होते. मात्र ०.६ ओडीला शेकरचा आकडा बदलून त्याच क्षणी आयपीटीजी टाकणारे पुष्कळ आहेत. फ्लास्क थंड व्हायला अर्धा तास तरी जातो; पहिला माल गरम भट्टीतलाच निघतो. आधी थंड करा, मग ०.१ मिलिमोलर टाका आणि रात्रभर ठेवा.

हा धडा आपल्याकडे जुना आहे. पाषाणच्या एनसीएलमध्ये पेनिसिलिन अॅसिलेजवर वर्षानुवर्षं काम झालं. पेनिसिलिन-जीपासून ६-एपीए, म्हणजे अॅम्पिसिलिन-अमॉक्सिसिलिनचा गाभा, करून देणारं हे एन्झाइम. मूळ ई. कोलाय ते २४-२८ अंशांच्या आसपास उत्तम बनवतो, ३७ वर जेमतेम. कारणही तसंच आहे : एकच लांब साखळी बनते, ती पेरिप्लाझममध्ये जाते, मधला ५४ अमिनो आम्लांचा तुकडा गळून पडतो, तेव्हा कुठे दोन उपघटकांचं एन्झाइम तयार होतं. जनुक जोरदार प्रमोटरखाली घातलं की ही कापाकापी मागे पडते आणि न कापलेल्या साखळ्यांचा ढीग साचतो. जिवाणूला हे कळतं, आपल्याला प्रोटोकॉलच्या छापील कागदामुळे कळत नाही.

टॅग वाईट नाहीत. एमबीपी खरोखर तारतो. पण तो ४२ किलोडाल्टनचा दांडगा सोबती आहे. प्रोटिएजने कापून काढल्यावर ट्यूब दुधाळ झाली, तर विरघळत होता तो एमबीपी, तुमचं प्रोटीन नव्हे. डायसल्फाइड बंध हवे असतील तर पेरिप्लाझम किंवा ऑक्सिडायझिंग स्ट्रेन पाहा. नुसती थंडी तिथे पुरत नाही.

आणि प्रत्येक वेळी विरघळवण्याचा हट्ट तरी कशाला? १७५ अमिनो आम्लांचं फिलग्रास्टिम इन्क्लुजन बॉडीतूनच काढून, रीफोल्ड करून विकलं जातं. लहान प्रोटीनला तो मार्ग स्वस्त पडू शकतो. पेनिसिलिन अॅसिलेजसारख्याला नाही.

पुढच्या अंकापासून एक्स्प्रेशनवरच्या लेखासोबत पेलेट आणि सुपरनॅटंट या दोन्ही लेन, इंडक्शनच्या क्षणी फ्लास्कमधलं (शेकरच्या पडद्यावरचं नव्हे) तापमान, आणि टॅग कापल्यानंतरची अॅक्टिव्हिटी, एवढं पाठवावं. नुसता ‘सोल्युबल मिळालं’ असा शेरा आम्ही छापणार नाही.