गच्चीवरच्या शेतीलाही करसवलत द्या

पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत आणि पावसाच्या पाण्याची साठवण यांसाठी मिळकतकरात सवलत मिळते. तशीच ती गच्चीवरच्या शेतीलाही मिळायला हवी. ही शेती आजही निवृत्त माणसांचा विरंगुळा समजली जाते. माझ्या मते मात्र ते वाढते ऊन आणि बेभरवशाचा पाऊस झेलण्यासाठी शहराने करायचे काम आहे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या उघड्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, की साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी पाइपातून रस्त्यावर आणि तिथून ओढ्यात जाते. अशा हजारो गच्च्या एकाच वेळी रित्या होतात. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आम्ही सहकारनगरकर विसरलेलो नाही. तसल्या पावसापुढे वाफ्यांचा टिकाव लागणार नाही आणि ओढ्याचे पात्र मोकळे करण्याला पर्याय नाही, हे मान्यच आहे. पण एरवीच्या जोरदार सरीतले बरेच पाणी वाफा पिऊन घेतो आणि उरलेले सावकाश सोडतो.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर विटांच्या दोन थरांचे वाफे आहेत. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीतून आणलेले चिपाड, मग वाळलेला पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि शेणखत. माती फक्त वरती, बोटभर. नुसती माती भरणे धोक्याचे, कारण भिजल्यावर तिचे वजन घनमीटरला दीड टनापुढे जाते. एप्रिलच्या दुपारी उघड्या स्लॅबवर पाय ठेववत नाही, पण दोडक्याच्या मांडवाखाली अनवाणी उभे राहता येते. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. मांडवाखाली येणाऱ्या आमच्या खोलीत रात्री झोप लागते, शेजारच्या खोलीत तळमळ होते. उन्हाळ्यात वाफ्यांची तहान मोठी असते, म्हणून भाजी-तांदूळ धुतलेले पाणी आम्ही बादलीत साठवून वर नेतो.

यात नवे काही नाही. थोड्या जागेत, घरच्या कचऱ्यावर भरपूर पिकवता येते, हे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून कधीच दाखवून दिले. त्याच वाटेने जात प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून फळझाडे आणि भाज्या वाढवल्या.

सोसायटीच्या सभेत पहिला प्रश्न येतो तो गळतीचा, आणि तो रास्त आहे. म्हणून सवलतीला अटी असाव्यात: स्लॅबचा भार तपासल्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, धड वॉटरप्रूफिंग आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाहणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पाला पेटवला जातो. तो गोळा करून पालिकेने वाफ्यांसाठी क्षेत्रीय कार्यालयांतून फुकट वाटावा.

गच्चीवरच्या भाजीवर पुण्याचे पोट भरणार नाही. मंडई आणि शेतकरी लागणारच. पण उन्हाने तापणारे आणि सरींनी तुंबणारे हजारो स्लॅब कामाला लावण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. पालिकेने येत्या अंदाजपत्रकात ही सवलत जाहीर करावी, आणि सोसायट्यांनी त्याची वाट न पाहता पहिला वाफा याच पावसाळ्याआधी घालावा.