पुस्तकाचे टपालहशील

विद्यानगरात राहून मराठी पुस्तक वाचावयाचे तर ते आधी शोधावे लागते. शेजारी उस्मानिया विद्यापीठ असल्याने परीक्षेची पुस्तके हवी तेवढी. रविवारी अबिड्सच्या पदपथावर इंग्रजी कादंबऱ्यांचे ढीग लागतात. त्यांत एखादे मराठी पुस्तक हाती आलेच, तर ते बहुधा कुणा दिवंगत गृहस्थांच्या कपाटातले असते. पहिल्या पानावर लग्नातील आहेराचा मजकूरही असतो.

हैदराबादेत मराठी पुस्तक दुकानातून आले त्याहून अधिक ग्रंथालयातून व टपालाने आले. 1918 साली येथे उर्दू माध्यमाचे विद्यापीठ निघाले आणि 1922 साली मराठी ग्रंथ संग्रहालय. 1931 चे साहित्य संमेलन ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली याच शहरी भरले. 1956 साली संस्थानाचे तुकडे होऊन मराठवाडा निघून गेला. येथील मराठी बिऱ्हाडे राहिली, परंतु त्यांना वाचक पुरविणारा मुलूख मात्र परप्रांत झाला.

म्हणून टपालहशिलाचा प्रश्न आम्ही वाङ्मयाचाच मानतो. डिसेंबर 2024 मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत टपालसेवा बंद झाली. सदाशिव पेठेतील वाचकाच्या ते ध्यानातही आले नसेल. येथे मात्र सडपातळ कवितासंग्रहाचा प्रवासखर्च त्याच्या किंमतीशी स्पर्धा करू लागला. सुदैवाने 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आले. त्याचे आरंभीचे दर असे: तीनशे ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोला 100 रुपये, कर निराळा. वाहतूक जमिनीवरून, म्हणजे सावकाश. त्यास आमची हरकत नाही. कविता नासत नाहीत.

हे दर नीट पाहावे. एकटे पुस्तक मागविणाऱ्यास वीस रुपये पडतात. पाव किलोची वीस पुस्तके एका गठ्ठ्यात मागविली तर प्रत्येकी पाचच. विद्यानगरातील चार बिऱ्हाडांनी महिन्यास एक यादी केली तरी पुरे. प्रकाशकांनीही कुरिअरचा हट्ट सोडावा. एका प्रकाशकाने आमच्याकडून पुस्तकाच्या निम्मी रक्कम पाठवणावळ म्हणून घेतली. पुस्तक मात्र कोपरे दुमडूनच आले!

आणि घरातील जुने कपाट रद्दीवाल्यास तोलून देण्यापूर्वी त्यातील पुस्तकांची यादी ग्रंथ संग्रहालयास दाखवावी. यादी करावयास एक दुपार पुरते.