‘हमको मराठी नहीं आती’ हे मुलांना कुणी शिकवलं?

उर्दू माध्यमाच्या आठवीच्या वर्गात एका मुलाला मराठीचा उतारा वाचायला उभं केलं. मान खाली घालून तो म्हणाला, ‘सर, हमको मराठी नहीं आती.’

त्याच संध्याकाळी तुर्भ्यात तो वडिलांच्या हातगाडीवर दिसला. गिऱ्हाइकाला सांगत होता, ‘घ्या मावशी, पपई गोड नाही निघाली तर पैसे परत!’

मग आपल्याला मराठी येत नाही, हे त्याला कुणी सांगितलं? आपणच. ‘इसको कुछ नहीं आता’ असं पाहुण्यांसमोर म्हणणाऱ्या पालकांनी, आणि ‘उर्दू मीडियमची मुलं, पास झाली तरी अल्हम्दुलिल्लाह’ म्हणणाऱ्या आम्ही शिक्षकांनी. हे वाक्य मीही बोललो आहे, गाइडमधली उत्तरं फळ्यावर उतरवून दिली आहेत. त्याला मी दया समजत होतो. तो अपमान होता, आणि मुलांना तो बरोबर कळतो.

जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा अन्सार शेख आठवा. वडील रिक्षाचालक. नातेवाइकांच्या दबावामुळे ते मुलाची शाळा सोडवायला निघाले होते. मुलगा हुशार आहे, शाळा सोडवू नका, असं शिक्षकांनी त्यांना सांगितलं. तोच मुलगा २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या २१ व्या वर्षी, ३६१ वा आला. त्या दिवशी शिक्षकाने ‘ठीक आहे, घेऊन जा’ म्हटलं असतं तर?

कुणी म्हणेल, खरं कारण गरिबी आहे. गरिबी आहेच. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे अभ्यास कसा होतो, हे मी पाहिलं आहे. पण मुलाकडून काहीच अपेक्षा ठेवू नका, असं गरिबीने आपल्याला सांगितलेलं नाही.

आणि कृपा करून यावर उपाय म्हणून ‘आत्मविश्वास वाढवा’ असं व्याख्यान ठेवू नका. आत्मविश्वास टाळ्यांनी येत नाही, स्वतःच्या हाताने जमलेल्या कामाने येतो. त्या मुलाला मी हातगाडीवर दहा ओळी लिहायला लावल्या. चौदा चुका निघाल्या. त्या त्यानेच दुरुस्त केल्या आणि वर्गासमोर मोठ्याने वाचल्या.

मुलांना अवघड काम द्या, चुकू द्या, पुन्हा करायला लावा. आणि ‘याच्याने होणार नाही’ हे वाक्य घरातून आणि स्टाफरूममधून आजच हद्दपार करा.