रंगाऱ्याच्या तोंडावरचा रुमाल

भिलाईतील सुपेल्याच्या बाजारामागील एका गल्लीत, जेथे डेंटिंग-पेंटिंगची चार-पाच दुकाने पत्र्याच्या छपराखाली एकमेकांना खेटून उभी आहेत, तेथे मी माझी जुनी मोटार रंगवावयास दिली होती. आणि ती आणावयास गेलो असता डाव्या दाराच्या खालच्या अंगास रंगाचा ओघळ दिसताच, सारा थकविलेल्या कुळाकडे मामलेदाराने पाहावे तसे मी उस्तादांकडे पाहिले. त्यांनी मुकाट्याने ओघळ पाणीपेपरने घासला, मजुरीतून पाचशे रुपयांची कपात मान्य केली, आणि तेवढ्या अवधीत ते सात-आठ वेळा खोकले. खोकल्याविषयी मी त्यांना काही विचारले नाही.

फवारणीतील अपघात म्हणून ज्यांची चर्चा होते ते बहुधा रंगाचेच असतात: संत्र्याच्या सालीसारखी उठणारी खडबड, पॉलिशातील सिलिकॉन पत्र्यावर राहिल्याने पडणारे माशाच्या डोळ्यांसारखे खळगे, आषाढातील दमट हवेने लॅकरवर चढणारी पांढुरकी झाक, वैशाखात पत्र्यावर बसण्यापूर्वीच वाळून भुकटी होणारा रंग. या प्रत्येक दोषाची भरपाई ठरलेली आहे, कारण ती मागणारा मालक समोर उभा असतो.

रंगाऱ्याच्या जिवावरचा धोका मात्र निराळा. जुन्या उस्तादांचा ‘ड्युको’ रंग, जो अमेरिकेत १९२४ च्या सुमारास ओकलंड मोटारींवर प्रथम चढला, तो नुसता थिनर उडून वाळत असे. थिनर काही निरुपद्रवी नव्हे. त्यातील टोल्युइनची वाफ अवघ्या ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते, आणि दूरच्या कोपऱ्यातील कंप्रेसरची ठिणगी वा कोणाची विडी तिला पुरते. परंतु तो धोका निदान नाकाला कळत असे. आता आरशासारखी चमक हवी म्हणून ‘टू-के’, म्हणजे हार्डनर मिसळून वापरावयाचा, रंग आला, आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट आली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळवर, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच राज्याच्या राजधानीवर, जो वायू पसरला तो याच कुळातील. हार्डनरमधील त्याचे भाऊबंद तितके उडून जाणारे नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मात्र फवारणीची गन त्यांचे धुके करते, आणि ते धुके श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते. वासावरून त्याचा वेळीच सुगावा लागत नाही. शरीर एकदा त्यांना बिथरले की पुढे अत्यल्प अंशानेही दम्याचा झटका येतो. रात्री बळावणारा आणि सुटीच्या दिवशी ओसरणारा खोकला ही त्याची खूण. गन थांबल्यावरही ते धुके काही वेळ न दिसता रेंगाळते, आणि नेमक्या त्याच घटकेस रंगारी रुमाल खाली ओढून चमक निरखावयास वाकतो. रुमाल धुळीपुरता ठीक आहे. वाफेला तो अडवीत नाही.

विषारी वायूची धास्ती भिलाईला कोणी शिकवावयास नको. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. जून २०१४ मध्ये त्याच कारखान्यात कार्बन मोनॉक्साइडच्या गळतीने वरिष्ठ अधिकाऱ्यांसह ६ जण दगावले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या वायुनलिकेला लागलेल्या आगीत त्याहूनही अधिक. दोन्ही वेळी चौकशी बसली, दस्तऐवज तयार झाले. फाटकाबाहेर तो अंमल चालत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असतील तर तिला कारखाना मानले, २०२० च्या संहितेने ती संख्या २० वर नेली. आणि सुपेल्याच्या दुकानात तर उस्ताद, दोन पोरे आणि एक कंप्रेसर एवढाच सरंजाम! आयसोसायनेटची विषबाधा त्या अधिनियमाच्या नोंदणीयोग्य रोगांत होती, पण नोंद घेणारे दप्तर या गल्लीत कधी शिरलेच नाही. रंगातील शिशाचेही तसेच: २०१६ च्या नियमांनी घातलेली ९० पीपीएमची मर्यादा घरगुती आणि शोभेच्या रंगांपुरती आहे, मोटारीचा रंग तिच्या हद्दीबाहेर. माणसे मोजून धोका ठरविण्याची ही रीत मला मुळातच चुकीची वाटते. डब्यात काय आहे ते पाहून तो ठरविला पाहिजे.

‘हेच लोक मुखवटा घालीत नाहीत,’ असे मोटारमालक सांगतात, आणि ते अगदीच खोटे नाही. मे महिन्यात तापल्या पत्र्याखाली रबराचा मुखवटा चढवून उभे राहणे ज्याने अनुभवले नाही त्याने मात्र हे बोलू नये. शिवाय स्वच्छ हवेच्या नळीचा मुखवटा आणि हवा खेचून गाळणारी बंदिस्त खोली यांचा खर्च दोन दारे रंगविण्याच्या मजुरीतून निघावयाचा नाही. तेव्हा महानगरपालिकेने ‘टू-के’ फवारणाऱ्या दुकानांची निराळी यादी करावी, आणि चार-पाच दुकानांना मिळून एक सामायिक फवारणीघर बांधण्यास जागा द्यावी. आणि वाचकहो, पुढल्या खेपेस दर ठरविताना घासाघीस करण्याआधी त्या फवारणीघराच्या भाड्याचे पैसे आपण होऊन बिलात मांडावयास सांगा.