बिनबोभाट कपात

जे खाते आपले काम चोख बजावते त्याच्याच निधीला सर्वांत आधी कात्री लागावी, यापरता नगरकारभारातील दैवदुर्विलास नाही. अग्निशामक दल हे असेच एक खाते होय. रस्त्यातील खड्डा रोज दिसतो. नळ कोरडा पडला की तासाभरात ओरड होते. परंतु जी आग वेळीच विझली तिची बातमी चार ओळींपलीकडे जात नाही, आणि जी लागलीच नाही तिची तर नोंदही कोठे होत नाही. म्हणूनच अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी होईनाशी झाली म्हणजे हिशेबनिसाची नजर या खात्याकडे वळते. ही माणसे बराच वेळ नुसती बसून असतात, असा आक्षेप घेतला जातो. बंबवाला बसून आहे याचा अर्थ त्या घटकेला शहर सुरक्षित आहे, हे साधे गणित मात्र कोणी मांडीत नाही.

हा रोग केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा तेथील अग्निशामक दलातील शेकडो जवानांना घरी बसविण्यात आले व कित्येक पथके मोडीत काढण्यात आली. ब्रुकलिनमधील नॉर्थसाइड या कामकऱ्यांच्या वस्तीतील २१२ क्रमांकाचे पथक त्यांपैकीच एक. वस्तीने तो निर्णय मानला नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये रहिवाशांनी केंद्राला वेढा दिला, बंब बाहेर जाऊ दिला नाही, आणि सुमारे सोळा महिने पाळ्या लावून त्या इमारतीतच मुक्काम ठोकला. अखेर नगरप्रशासनाला नमते घ्यावे लागले व पथक पुन्हा सुरू झाले. पण कथा येथे संपत नाही. २००३ साली काटकसरीचे वारे पुन्हा वाहू लागताच तेच पथक पुन्हा बंद करण्यात आले. निधी मिळविणे जितके कठीण, तितकेच तो राखणेही कठीण, हा त्यातील धडा होय.

लंडनमध्येही ९ जानेवारी २०१४ रोजी एकाच दिवशी दहा अग्निशामक केंद्रांना टाळे लागले. १८७२ पासून अखंड चालत आलेले क्लार्कनवेलचे केंद्रही त्यांत होते. आगींची संख्या घटली आहे, मग तेवढी केंद्रे कशाला, असा युक्तिवाद तेव्हा करण्यात आला. तो अगदीच निराधार नव्हता. आगी खरोखरच घटल्या होत्या. परंतु आगी किती लागतात यावर दलाचा आकार ठरत नाही. लागलेल्या आगीपर्यंत किती मिनिटांत पोहोचता येते यावर तो ठरतो. केंद्र दूर गेले की मिनिटे वाढतात, आणि धुराने भरलेल्या खोलीत अडकलेल्या माणसाला सरासरीचा आधार नसतो.

या दोन्ही शहरांत निदान कपात उघडपणे झाली. ती जाहीर झाली म्हणून तिच्याविरुद्ध उभे राहता आले. आपल्याकडची कपात बिनबोभाट होते. येथे केंद्राला कुलूप लागत नाही. मंजूर पदे मात्र वर्षानुवर्षे रिकामी राहतात. तरतूद छापली जाते, पण सुधारित अंदाज येईपर्यंत ती आटते. शिडीची खरेदी निविदेच्या फेऱ्यात अडकते. ठराव नाही, चर्चा नाही, विरोधही नाही; दृष्टीआड सृष्टी! रिकामे ठेवलेले पद ही काटकसर नव्हे, ती कपातच होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैसा नाही ही सबबही आम्हांस पटत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने या सेवेसाठी शुल्क आकारण्याची सोय करून दिली आहे. वाढीव बांधकामाला परवानगी देताना अधिमूल्यही वसूल होते. जी पालिका मजले वाढवून पैसा मिळविते, तिला त्या मजल्यांपर्यंत पोहोचणाऱ्या शिड्या परवडत नाहीत, हे कोणी विश्वासाने ऐकावे?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला व आगीशी झुंजणारे ६६ अग्निशामक जवान प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस पाळला जातो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासातील आगीने दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. पुष्पचक्रे वाहण्यात आपण कधीच कसूर करीत नाही. परंतु हुतात्म्यांच्या स्मारकासमोर मान लववायची आणि त्यांच्या वारसांच्या पथकात चौघांचे काम दोघांवर टाकायचे, याला कृतज्ञता म्हणता येणार नाही.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. दलाच्या तरतुदीतून जी रक्कम अन्यत्र वळली वा अखर्चित राहिली, ती येत्या अंदाजपत्रकात परत द्यावी. रिकामी पदे जाहीर मुदतीत भरावीत. अग्निशमन शुल्काचा पैसा त्याच सेवेवर खर्च व्हावा. आणि प्रत्येक केंद्रातील मंजूर व प्रत्यक्ष भरलेली पदे, तसेच तरतूद व झालेला खर्च, अंदाजपत्रकात शेजारी शेजारी छापावेत. ही शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. तिला कागदाखेरीज काही लागत नाही. तिच्यावाचून बाकीच्या मागण्या मात्र टिकणार नाहीत.

नागरिकांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. मते मागावयास येणाऱ्या उमेदवाराला रस्ता आणि पाणी यांविषयी आपण विचारतोच. आपल्या घरापासून जवळच्या केंद्रात आज रात्रपाळीला किती माणसे आहेत, हेही त्याला विचारावे. त्याला ते ठाऊक नसेल, तर शोधून सांगावयास लावावे. घर पेटल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण हसतो. आपल्या शहराची खणलेली विहीर कोणी गुपचूप बुजवीत असेल, तर तिकडे पाहत राहणाऱ्याला काय म्हणावे?